सेकंदाला दोनशे गिरक्या

सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याचं इंधन संपत आलं, की पोटात लोखंडाचा गोळा साठतो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. आधार सुटतो आणि गाभा सेकंदाच्या आत ढासळतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात, बाहेरचे थर स्फोटात उधळतात. उरतो न्यूट्रॉन तारा: वजन सूर्याहून जास्त, व्यास जेमतेम २० किलोमीटर. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरहून आंब्याला पोचेपर्यंत तो संपलाही!

आकसताना फिरकी वाढते. चुंबकीय ध्रुवांतून निघणारा रेडिओलहरींचा झोत दर फेरीला पृथ्वीवरून गेला, तर तो स्पंदक, म्हणजेच पल्सार. पहिला १९६७ साली जोसेलिन बेल यांना सापडला. जुन्नरजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात शोधलेला, २००४ साली जाहीर झालेला स्पंदक सेकंदाला सुमारे २०० गिरक्या घेतो. हा वेग जन्मजात नव्हे. जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून कमावलेला.

१०५४ साली चिनी निरीक्षकांनी टिपलेल्या स्फोटाचे अवशेष, क्रॅब नेब्युला, वृषभ राशीत आहेत. त्यातला स्पंदक सेकंदाला ३० वेळा फिरतो. तो दिसणार नाही, पण नेब्युला छोट्या दुर्बिणीतून पुसट दिसतो. जानेवारीत, अमावस्येच्या आसपास आंबा घाटात जाऊन बघाच.