पाण्याची अरुंद वाट

कार्बन नॅनोनलिका म्हणजे कार्बन अणूंच्या जाळीची गुंडाळी. व्यास बहुधा एक-दोन नॅनोमीटर. तिच्या भिंतीला पाण्याचे आकर्षण अल्प. म्हणून पाणी आत शिरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक. परंतु २००१ साली गेरहार्ड हमर व सहकाऱ्यांच्या संगणकीय प्रयोगात पाण्याचे रेणू एका रांगेने आत शिरले व वेगाने पार झाले. भिंत त्यांना धरून ठेवीत नाही.

मूत्रपिंडातील ॲक्वापोरिन ही प्रथिनवाहिनीही रेणूंना अशाच रांगेने, सेकंदाला सुमारे तीन अब्ज, वाट देते. तिच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चे नोबेल लाभले. त्याच वर्षी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अजय सूद, शंकर घोष व सहकाऱ्यांनी दाखविले की, नलिकांवरून पाणी वाहताना विद्युतदाब निर्माण होतो.

पाणी गाळण्याच्या पडद्यांसाठी या नलिकांकडे आशेने पाहिले जाते. मात्र २००८ मध्ये उंदरांच्या उदरपोकळीत सोडलेल्या काही लांब नलिकांनी ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केला. तंबाखूची धूळ कामगाराच्या श्वासाचे काय करते, हे निपाणीच्या डॉक्टरांना सांगावयास नको. नलिकांची भुकटी हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांविषयी वेळीच विचारणे, हे आपलेच कर्तव्य होय.