नाही म्हणायची मुभा

पहाटे साडेसहा
सुरतच्या बमरोलीत रात्र झाली तरी आवाज थांबत नाही. रातपाळीचे लूम खडखडत असतात, सातला पाळी बदलते आणि त्याच खडखडाटात दिवस उजाडतो. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं उधना स्टेशनात उतरतात आणि इथल्या खोल्यांत सामावून जातात. मीही तसाच आलो. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं, निवृत्त झालो. आता लाजपोरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटून आलेल्यांना बोलायला शिकवतो.

सात
लूमच्या कारखान्याच्या दारात एका भाऊसोबत उभा आहे. सुटून बारा दिवस झालेत. काल आम्ही चार वेळा सराव केला, कारण शेठला दुसऱ्याकडून कळण्याआधी यानेच सांगायचं असं ठरलं होतं. "शेठ, चार वर्षं लाजपोरला होतो. लूमचं काम येतं. पंधरा दिवस बघा, मग ठरवा." शेठ नको म्हणाले. भाऊ क्षणभर थांबला, "तोंडावर सांगितलंत, बरं केलंत," म्हणाला आणि बाहेर आला. पूर्वी याच दारात त्यानं शिवी दिली असती. काम मिळालं नाही, तरी मी आजचा दिवस जमेत धरतो.

दुपारी दोन
त्याच्या घरी गेलो. वहिनी साडीला स्टोन चिकटवत होत्या. या कामावर आणि उसनवारीवर त्यांनी भाडं भरलं, पोराची शाळा चालवली. "चार वर्षं मला कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आता पाणी कधी भरायचं तेही हेच सांगतात." त्यांनाही वर्गाला बोलावलं. त्या नाही म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

संध्याकाळी साडेसात
दिवसपाळी सुटली. खोलीत नऊ जण, चहाची किटली आणि एक फळा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४-२०१५) यांनी हिंसा न करता बोलण्याची एक पद्धत बांधली: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. फळ्यावर मी आपल्या शब्दांत लिहितो, 'काय झालं, काय वाटलं, काय पाहिजे, काय मागतो.' पहिल्या तिन्हींत माणसं रुळतात. चौथ्याला अडतात. मागणं आणि हुकूम दिसायला सारखेच. फरक कळतो तो समोरच्यानं नाही म्हटल्यावर.

तुरुंगात गिनती हुकमानं, जेवण हुकमानं, झोप हुकमानं. ज्याला वर्षानुवर्षं नाही म्हणता आलं नाही, त्याला घरी आल्यावर नाही ऐकवत नाही. त्यात त्याचा स्वभाव किती आणि सवय किती, हे तोलायला मी बसत नाही. सवय मोडता येते, एवढं मला ठाऊक आहे. घर न तोडणारी कैदही असू शकते: आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ १९३९ साली औंध संस्थानानं स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली, तिथं कैद्याला बायकोपोरांसोबत राहता येतं. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून निघाला. घरचं बोलणं तुटू न देण्याची ती वाट मला फार शहाणपणाची वाटते.

आजच्या सरावात एक जण अकरा वर्षांचा मुलगा झाला आणि भाऊ बाप.
"इतला दिन कथा व्हता?" मुलानं अहिराणीत विचारलं, इतके दिवस कुठं होता?
"मुंबईला, कामाला..." भाऊ थबकला. खोलीत कोणी हललं नाही.
"जेलात होतो. भांडणात मी एका माणसाला फार मारलं होतं. तुला राग आला असेल. काही विचारायचं असलं तर विचार."
"नाही विचारायचं."
भाऊचा जबडा आवळला. मग म्हणाला, "बरं. वाटलं तेव्हा विचार. मी इथंच आहे."

माफीचा शब्द मी लवकर उच्चारू देत नाही. माफी बहुतेकदा आपलंच ओझं उतरवायला मागितली जाते. ज्याला मार बसला त्याचंही घर आहे, आणि त्या घराला काय पाहिजे हे त्यांनीच सांगायचं.

रात्री साडेनऊ
किटली विसळताना भाऊचा फोन आला. घरी जाऊन त्यानं विचारलं, "मी उद्यापासून पाणी भरू का?" वहिनी म्हणाल्या, "नको, माझं मी भरते." तो गप्प बसला. थोड्या वेळानं त्यांनीच ताट वाढलं.

तुमच्या ओळखीत कोणी सुटून आलं असेल, तर आल्या आल्या 'पुढं काय करणार' असं विचारू नका. जेवायला काय करू, असं विचारा. आणि तो 'काही नको' म्हणाला, तर तेही ऐका.