ठोक्यांनी घट्ट होणारं हाड

धुळ्याजवळचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. भांडं मठारताना हातोडीचा प्रत्येक ठोका कारागिराच्या हाडांपर्यंत पोहोचतो आणि हाड त्याची दखल घेतं.

रचना : कोलॅजनचे चिवट धागे आणि त्यांत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. या धाग्यांची वीण पक्की करणाऱ्या विकराला किंचित तांबं लागतं. तीळ, डाळी, शेंगदाण्यांतून ते मिळतं.

वाढ : लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे उंची वाढते. वयात आल्यावर त्या हळूहळू हाडात बदलतात. प्रौढाच्या शरीरात साधारण २०६ हाडं असतात.

भार : जिथे ताण पडतो तिथे हाड जाड होतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळतं.

जोडणी : मोडलेल्या जागी आधी रक्ताची गाठ, मग मऊ कूर्चा, मग कच्चं हाड. त्याला मूळ आकार यायला कित्येक महिने लागतात. तंबाखू आणि बिडी-सिगारेटमुळे हाड जुळायला उशीर होतो.

झीज : तिशीनंतर हाडाचा साठा हळूहळू घटतो, पाळी थांबल्यावर बायकांमध्ये वेगाने. खानदेशातल्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड तरुणपणीच खचू शकतं. सिकलसेलच्या रुग्णाचा खुबा सतत दुखत असेल, तर अंगावर काढू नका. लगेच तपासून घ्या.