जेसन फाईलची व्याकरणतपासणी

डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणलेल्या आणि २०१३ साली एक्मा-४०४ या मानकाने नियमबद्ध झालेल्या जेसन या लेखनपद्धतीत, शेवटच्या नोंदीपुढे राहिलेला स्वल्पविराम किंवा दुहेरीऐवजी आलेले एकेरी अवतरणचिन्ह, एवढ्या क्षुल्लक कारणानेही सबंध दस्तऐवज नामंजूर होतो. ब्राउझरमधील ‘जेसन.पार्स’ या अंगभूत सोयीकडे मजकूर सोपवला, की ती अक्षरामागून अक्षर वाचीत जाते आणि नियमभंग आढळताच थांबते. मात्र चौथ्या ओळीअखेर गाळलेल्या स्वल्पविरामाची तक्रार बहुधा पाचव्या ओळीच्या आरंभी नोंदवली जात असल्यामुळे, चुकीचा शोध किंचित मागूनच घ्यावा. ही तपासणी आपल्याच संगणकावर होत असल्याने तेवढ्यासाठी गोपनीय मजकूर बाहेर पाठवावा लागत नाही. परंतु ती केवळ व्याकरणाची असल्यामुळे, वयाच्या रकान्यात ३०० हा आकडा असला तरी फाईल निर्दोषच ठरते.