चषकाची दांडी

दांडीचा जुना चषक हाती आला की आधी उलटा करून पाहावा. बैठकीच्या मधोमध बोटाला खरखरीत व्रण लागला, तर तो हाताने घडवलेला असण्याची शक्यता मोठी. फुंकनळीवरून पेला सोडवण्याआधी कारागीर बैठकीला खालून लोखंडी सळई चिकटवतो आणि तिच्यावर धरून पेल्याची कड घडवतो. सळई तोडली की हा व्रण मागे राहतो.

रेड वाइनचा ग्लास म्हटलं की आज मोठ्या पोटाचा पेला डोळ्यांपुढे येतो. अठराव्या शतकातल्या इंग्रजी चषकाचा पेला मात्र अगदी लहान असे. नोकराने तो भरून आणायचा, पाहुण्याने पिऊन परत द्यायचा. सगळं कसब दांडीत! व्हेनिसजवळच्या मुरानोची काच हलकी आणि नाजूक. लंडनच्या जॉर्ज रेवनस्क्रॉफ्टने 1674 मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढे तिच्यात शिसं घालून ती जड, लखलखीत केली. 1745 मध्ये ब्रिटनने काचेवर वजनानुसार कर बसवला, तशा जाडजूड दांड्या मागे पडल्या. कारागीर मऊ काचेत हवेचे बुडबुडे कोंडत आणि ती ओढता ओढता पिळत. दांडीत रुपेरी तारांचा गोफ उमटे. कराच्या काचात जन्मलेली ही दांडी मला आजच्या कुठल्याही महागड्या ग्लासपेक्षा देखणी वाटते. तो कर तब्बल शंभर वर्षांनी, 1845 मध्ये उठला. वास कोंडून धरणारा मोठा पेला खूप नंतरचा. ऑस्ट्रियाच्या रिडेल या काच कंपनीने बरगंडी वाइनसाठी तो 1958 मध्ये काढला.

काच फुंकण्याची विद्या आपल्यालाही परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा जमवला, त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडेला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे कारागीर तयार केले. नाशिकच्या वाइनचं कौतुक करणाऱ्या महाराष्ट्राने या हातांचीही आठवण ठेवायला हवी.

असा जुना चषक शोधायचा, तर कल्याणजवळच्या मोहन्यातल्या हौशी माणसाने आंबिवलीहून लोकल धरावी आणि मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या काचेच्या वस्तू धुंडाळाव्यात. शुक्रवारी जाऊ नये, दुकानं बंद असतात. चषक घेताना कडेवरून नख फिरवावं, टवका लगेच कळतो. आणि जुन्या शिसेदार काचेत वाइन ओतून तासन्‌तास ठेवू नये, शिसं तिच्यात उतरतं.