उगारलेली कुऱ्हाड : चित्रकार रिचर्ड डॅड

लंडनच्या टेट संग्रहालयात एक लहानसे तैलचित्र आहे. उंची सुमारे ५४ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ४०. गवताच्या पात्यांआड, डेझीच्या फुलांमध्ये पऱ्यांच्या दुनियेतली मंडळी दाटीवाटीने जमली आहेत. मधोमध पाठमोरा लाकूडतोड्या कुऱ्हाड उगारून उभा आहे. राणी मॅबच्या नव्या रथासाठी त्याला टणक कवचीचे फळ एका घावात फोडायचे आहे. सगळे श्वास रोखून पाहताहेत. 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' हे त्या चित्राचे नाव. १८५५ ते १८६४ अशी नऊ वर्षे ते चालले, तरी काही भाग अपुराच राहिला. हे सारे घडले लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णालयात.

चित्रकार रिचर्ड डॅड. जन्म १८१७, केंट परगण्यातील चॅटम येथे. वडील औषधविक्रेते होते. मुलाचा हात पाहून त्यांनी त्याला रॉयल अकादमीच्या चित्रशाळेत शिकू दिले. पंचविशीच्या आतच त्याची पऱ्यांची चित्रे गाजू लागली. १८४२ मध्ये सर थॉमस फिलिप्स यांच्यासोबत प्रवासचित्रकार म्हणून तो ग्रीस, तुर्कस्तान, पॅलेस्टाइन, इजिप्त असा फिरला. याच प्रवासात त्याचे मन बिघडू लागले. इजिप्तचा देव ओसायरिस आपल्याला आज्ञा देतो, असे त्याला वाटू लागले.

तो परतल्यावर घरच्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. याला देखरेखीखाली ठेवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. वडिलांनी मात्र मायेपोटी त्याला स्वतःजवळच ठेवले. ऑगस्ट १८४३ मध्ये कोबम येथे फिरायला गेले असता त्याने वडिलांचा जीव घेतला. तो फ्रान्सला पळाला, तिथे एका सहप्रवाशावर वस्तऱ्याने हल्ला केला आणि पकडला गेला. १८४४ मध्ये त्याला बेथलेममध्ये आणले, १८६४ मध्ये ब्रॉडमूरला हलवले. १८८६ मध्ये क्षयाने तो तिथेच वारला. म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे बंदिवास. आजचे अभ्यासक त्याच्या आजाराला बहुधा स्किझोफ्रेनिया म्हणतात.

वेडातूनच ही कला आली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तारखा पाहा. निद्रिस्त टिटानियाचे त्याचे चित्र १८४१ चे, आजाराच्या आधीचे. पऱ्या, बारकावा, रेषेवरची पकड हे सारे शिक्षणातून आणि मेहनतीतून आले होते. आजाराने त्याचे घर, मित्र, मोकळे आकाश हिरावले; हात मात्र शाबूत राहिला. आणि तो हात चालता राहिला, कारण काही माणसांनी त्याला रंग आणि सवड दिली. बेथलेमचे डॉ. विल्यम चार्ल्स हूड रुग्णांना माणुसकीने वागवत. ओबेरॉन-टिटानियाच्या भांडणाचे चित्र डॅडने त्यांच्यासाठी रंगवले, तर कुऱ्हाडीचे चित्र तिथले कारभारी जॉर्ज हेन्री हेडन यांच्यासाठी. ब्रॉडमूरमध्ये त्याने नाट्यगृहाचा पडदाही रंगवला.

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली ही, की घरातल्या माणसाचे मन बिघडले तर माया पुरत नाही. औषधे विकणाऱ्या बापालाही ती पुरली नाही. 'लोक काय म्हणतील' म्हणून किंवा 'आपलाच मुलगा आहे' म्हणून वैद्यकीय सल्ला टाळू नये. त्याचबरोबर मानसिक आजार म्हणजे हिंसा, असेही समजू नये; बहुतेक रुग्णांच्या हातून कुणाला इजा होत नाही. दुसरी गोष्ट अशी, की रुग्ण म्हणजे केवळ त्याचा आजार नव्हे. त्याच्या हाताला जे काम येते ते त्याच्याकडे राहू द्यावे.

ते चित्र १९६३ मध्ये कवी सिगफ्रीड ससून यांनी टेटला दिले. त्यांचे युद्धातले मित्र ज्युलियन डॅड हे याच घराण्यातले. ज्युलियन आणि महायुद्धात पडलेले त्यांचे दोन भाऊ यांच्या स्मरणार्थ ही भेट होती. ज्या घराण्याने हे नाव दडवले असते तरी कुणी दोष दिला नसता, त्याच्या आठवणीसाठी हेच चित्र निवडले गेले. ते पाहताना चित्रकाराच्या गुन्ह्याचा विसर पडू देऊ नये, आणि त्या गुन्ह्यापायी चित्राकडे पाठही फिरवू नये.