पटदूरच्या तळापासून : वाटूरच्या वाचकासाठी काही पुस्तके

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूरचा फाटा लागतो आणि तेथून एक वाट परतुराकडे वळते. एसटीची वाट पाहत या फाट्यावर उभ्या असलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल की, मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत दुर्दैवी अशी जी मोहीम, तिचे प्रस्थान याच तालुक्याच्या ठिकाणाहून झाले? १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या रणात निजामाला नमवून सदाशिवरावभाऊ विजयी फौजेसह इकडे आले, नानासाहेब पेशव्यांच्या तळाशी त्यांची गाठ पडली, उत्तरेत बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याचे वर्तमान पोहोचले, आणि खलबते होऊन, भाऊंनी विश्वासरावांसह अब्दालीवर चालून जावे असा निर्णय मार्च महिन्यात ज्या स्थळी झाला, ते इतिहासकारांच्या लेखणीतले ‘पटदूर’ म्हणजेच आपले परतूर. तेथून निघालेल्या त्या फौजेची गाठ पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपताशी पडली.

हा दाखला आरंभीच देण्याचे कारण असे की, ‘काय वाचावे?’ हा प्रश्न लहान गावातल्या वाचकाने विचारला म्हणजे त्याला बहुधा एखादी थोर ग्रंथांची नामावळी हाती दिली जाते, आणि ती नामावळी त्याच्या भूमीपासून इतकी दूर असते की पहिले पुस्तक अर्ध्यावर ठेवून तो वाचनाचाच नाद सोडतो. माझे म्हणणे याहून वेगळे आहे. वाटूरच्या वाचकाने आपल्या पायाखालच्या मातीपासून आरंभ करावा, आणि इतिहासाचा एक ग्रंथ हाती घेतला की त्याच काळावरची वा त्याच प्रदेशातली एखादी कादंबरी, बखर किंवा काव्यसंग्रह त्याच्या जोडीला ठेवावा. कारण जे दफ्तरात नोंदले गेले ते इतिहास सांगतो, आणि ज्याची नोंद करण्याची कोणत्याही कारकुनाला गरज वाटली नाही ते साहित्य सांगते.

पानिपतापासूनच आरंभ करावयाचा तर पहिला ग्रंथ त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’. शेजवलकर हे मराठी इतिहासकारांतले मोठे निर्भीड आणि साक्षेपी पुरुष. पानिपताचा सगळा दोष भाऊंच्या माथी मारून मोकळे होण्याची जी रूढी पडली होती, ती त्यांनी मान्य केली नाही. पत्रे, फारसी वृत्तान्त आणि भूगोल यांचा मेळ घालून, फौजेची हालचाल, रसदीची ओढ, यमुनेच्या पुराने अडलेली वाट, हे सारे त्यांनी वाचकापुढे असे मांडले की पराभवाची कारणे समजतातच, पण ती मोहीम कोणत्या व्यापक हेतूने काढली गेली होती याचेही आकलन होते. हा ग्रंथ सोपा नाही. त्याला नकाशा जवळ घेऊन बसावे लागते. पण ज्या वाचकाच्या घरापासून त्या नकाशावरची पहिली रेघ सुरू होते, त्याने तेवढे श्रम अवश्य घ्यावेत.

त्याच्या जोडीला ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचावी. बखर म्हणजे हकिकतीच्या रूपाने लिहिलेला जुना गद्य वृत्तान्त. तिच्यातील आकडे आणि तिथ्या यांवर सर्वस्वी विसंबता येत नाही, परंतु युद्धाचा घोष, सरदारांचे रुसवेफुगवे आणि पराभवानंतरची दैना यांचे वर्णन करताना तिच्या भाषेला जो वेग येतो, तसा वेग मराठी गद्याला पुढे क्वचितच साधला आहे. आणि तिसरे पुस्तक विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही १९८८ सालची कादंबरी. कादंबरीकाराने कल्पिलेले संवाद इतिहास म्हणून स्वीकारू नयेत, हे खरे. पण यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुले यांसह वेढ्यात सापडलेल्या त्या अफाट छावणीची उपासमार शेजवलकरांच्या तर्कशुद्ध परिच्छेदांतून जेवढी बुद्धीला कळते, तेवढीच ती कादंबरीतून जिवाला लागते. तिन्ही पुस्तके या क्रमाने वाचणारा मनुष्य पुन्हा कधीही ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रचार सहजगत्या उच्चारणार नाही.

पानिपतानंतर दोनच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, गोदावरीच्या पलीकडल्या काठावर राक्षसभुवन येथे तरुण माधवरावांच्या कारकिर्दीत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि मराठ्यांची सावरासावर झाली. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही १९६२ सालची कादंबरी या माधवरावांची. तिच्यातील भाषेचा फुलोरा मला कित्येक ठिकाणी अधिक वाटतो, तरी पण कर्तव्य, गृहकलह आणि क्षय यांच्या कैचीत सापडलेल्या त्या पुरुषाची व्यथा ती ज्या हळुवारपणाने सांगते, त्यामुळे तिने हजारो मराठी घरांत वाचनाची गोडी लावली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’विषयी मात्र माझी एक आग्रहाची शिफारस आहे: कादंबरीच्या आधी तिची प्रस्तावना वाचावी. ती नरहर कुरुंदकरांची आहे. कुरुंदकर हे आपल्या मराठवाड्याचे, जन्म नांदापूरचा, कर्मभूमी नांदेड. देसाईंना त्यांनी लिहिलेले दीर्घ पत्रच या ग्रंथाला प्रस्तावना म्हणून जोडले गेले आहे, आणि शिवचरित्राकडे कसे पाहावे याचा त्याच्याइतका सुबोध वस्तुपाठ मराठीत दुसरा मला ठाऊक नाही. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्रा अशा रोमांचकारी प्रसंगांवर खिळलेली आपली दृष्टी कुरुंदकर तेथून उचलतात आणि राज्यकारभाराकडे, रयतेकडे वळवतात. राजा गेल्यानंतरही औरंगजेबासारख्या बादशहाशी १७०७ पर्यंत सामान्य माणसे झुंजत राहिली, ती कोणत्या प्रेरणेने, हा प्रश्न ते विचारतात. हे पत्र वाचून झाल्यावर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली लहानशी बखर हाती घ्यावी. तिच्यात शिवाजी महाराजांच्या अखेरच्या स्वारीच्या निमित्ताने ‘जालनापूर’ हे नाव भेटते. जालन्याची बाजारपेठ १६७९ च्या नोव्हेंबरात लुटली गेली होती. ‘जालना सोने का पालना’ असे ज्या शहराविषयी म्हणतात, त्याच्या सुबत्तेचा हा जुना पुरावा जिल्ह्याच्या बाजाराला नेहमी जाणाऱ्या वाचकाला वेगळ्याच अर्थाने वाचता येईल.

येथवर सांगितलेली पुस्तके राजांची आणि रणांची झाली. ज्यांनी त्या राजांचे खळे भरले, त्यांचे काय? त्यांच्यासाठी फार मागे, सातवाहनांच्या प्रतिष्ठानपर्यंत, म्हणजे आपल्या पैठणपर्यंत जावे लागेल. हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे मुक्तकांचा संग्रह आहे, आणि स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली विस्तृत प्रस्तावना व मराठी अर्थ यांसह तो मराठी वाचकांना उपलब्ध करून दिला. प्राकृताचे नाव ऐकून कोणी बिचकू नये. या गाथांत गोदाकाठ आहे, पाटील आहे, शेतकरी आणि त्यांच्या सुना आहेत, प्रवासी आणि पाणपोया आहेत, आणि वाटूरच्या काळ्या रानातील वाचकाने मुद्दाम शोधून पाहावी अशी एक गाथा आहे: कपाशीच्या रानात नांगर घालण्याच्या शुभदिवशी, नांगराची पूजा करणाऱ्या एका स्त्रीचे हात मनातल्या गुप्त आनंदाने थरथरतात. पीक उभे राहिले म्हणजे त्या रानात आडोसा मिळेल, हा तिचा विचार. जवळजवळ दोन सहस्रकांपूर्वीच्या त्या शेतातले पीकही कपाशीच होते, हे कोणत्याही सनदेत वा ताम्रपटात इतक्या जिवंतपणे सापडणार नाही.

आता ज्या लेखकासाठी मी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, त्याच्याकडे वळतो. परतुराहून सेलूकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर सातोना हे लहान स्टेशन आहे. त्या सातोन्यात १९१३ साली भगवान रघुनाथ कुलकर्णी या मुलाचा जन्म झाला. पुढे मराठी साहित्याने त्याला बी. रघुनाथ या नावाने ओळखले. हैदराबादेस शिक्षण, मग परभणीस निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी, आणि १९५३ च्या सप्टेंबरात, वयाची चाळिशी जेमतेम गाठली असता, मृत्यू: एवढ्या ओळींत त्यांचे बाह्य चरित्र आटोपते. परंतु या अल्प आयुष्यात, पुण्या-मुंबईच्या संपादकांपासून आणि प्रकाशकांपासून दूर, ज्या संस्थानात सरकारदरबारची भाषा उर्दू होती आणि मराठी लेखकाला ना मान होता ना बाजार, तेथे बसून या गृहस्थाने ‘आलाप आणि विलाप’ सारखी कविता, ‘फकिराची कांबळी’ सारखे कथासंग्रह आणि ‘ओ’, ‘हिरवे गुन्हे’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांचे सामर्थ्य कशात आहे, असे कोणी विचारील तर मी म्हणेन की, दबलेल्या माणसाचे अंतरंग त्यांना आतून ठाऊक होते. वरिष्ठांपुढे वाकलेला कारकून, उतरती कळा लागलेले वतनदार घराणे, मनात उमलून मनातच कोमेजलेली प्रीती, तालुक्याच्या गावातली सुस्त दुपार, हे सर्व त्यांच्या गद्यात कोणताही गाजावाजा न करता उतरते. निजामी राजवटीतील मराठवाड्याचा राजकीय इतिहास आपल्याला इतरत्र मिळतो. त्या राजवटीत जगणाऱ्या मध्यमवर्गीय मनाचा इतिहास मला बी. रघुनाथांकडे मिळाला. भाषा प्रसंगी अवघड होते, वाक्ये वळणे घेतात, आणि पहिल्या वीस-पंचवीस पानांत वाचकाची परीक्षा पाहिली जाते. म्हणून त्यांच्या कथांपासून आरंभ करावा आणि मृत्यूनंतर १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आडगावचे चौधरी’ या कादंबरीकडे मागाहून जावे. त्यांचा उल्लेख साहित्याच्या इतिहासांत आदराने होतो, परंतु त्यांची पुस्तके त्यांच्याच जन्मतालुक्यातील घराघरांत दिसत नाहीत, याची खंत मला आहे आणि ती येथे लपवावी असे वाटत नाही.

बी. रघुनाथांच्या जोडीला अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ ठेवावा. भालेराव स्वतः त्या लढ्यातले सैनिक आणि पुढे ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राचे संपादक. साधी सभा भरविण्यासही परवानगी हवी असा गश्ती निशाण ५३ चा हुकूम, उर्दू माध्यमाच्या राज्यात मराठी शाळा आणि वाचनालये चालविण्याची धडपड, रझाकारांचा काळ आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस, या सर्वांची हकिकत त्यांच्या ग्रंथात आहे. आज आपण ज्या सहजतेने वाचनालयातून मराठी पुस्तक घरी आणतो, ती सहजता आपल्या आजोबांना नव्हती, हे त्यातून कळते.

स्वातंत्र्यानंतरच्या खेड्याविषयी दोनच कादंबऱ्या सुचवितो. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आकाराने लहान. गावातल्या गंगाराम शिंप्याच्या संसाराची धूळधाण त्याची बायको पार्वती आपल्याच तोंडाने, उस्मानाबादकडच्या बोलीत सांगते. कादंबरी वाचण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती प्रथम हेच पुस्तक द्यावे, कारण ते वाचताना आपण वाचतो आहोत हे विसरून शेजारीण ओट्यावर बसून गाऱ्हाणे सांगते आहे असे वाटू लागते. दुसरी, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बुलढाण्याच्या बाजूचा शेतकरी, शिकूनही नोकरी न लागलेला त्याचा मुलगा, आणि न परवडणारी शेती. आपल्या जिल्ह्याची शीव ओलांडली की सुरू होणारा हा मुलूख असल्याने तिच्यातले दुःख परक्याचे वाटणार नाही. ती सलग वाचवत नाही, थांबत थांबत वाचावी.

दूरदेशीचे एखादे पुस्तक हवे असल्यास पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणलेली हेमिंग्वेची कादंबरिका पुरे. समुद्र कधीही न पाहिलेल्या वाचकालाही म्हातारा कोळी आणि त्याचा मासा हे प्रकरण कळते, कारण हाताशी आलेले पीक डोळ्यांदेखत जाण्याचा अनुभव त्याच्या पदरी असतो.

शेवटी एक सूचना आहे, आणि ती आपल्या गावांतील एका जुन्या चालीवर आधारलेली आहे. श्रावणात ‘हरिविजय’ वा ‘पांडवप्रताप’ लावण्याची रीत अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. एकाने वाचावे, दहा जणांनी ऐकावे, ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही ग्रंथ कळावा. त्याच पद्धतीने, पोथी समाप्त झाल्यावरच्या एखाद्या महिन्यात, विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ लावून पाहावे. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण कर्ज फेडण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेस निघाला, बंडाच्या वणव्यात सापडला, झाशीच्या वेढ्यात राणीच्या शहरात अडकला, लुटला गेला; आणि म्हातारपणी त्याने हे सारे लिहून ठेवले, जे चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रथम प्रसिद्ध केले. तोंडी सांगण्याच्या लयीतच ते लिहिले गेले असल्याने कानाला फार गोड लागते. झाशीच्या प्रकरणाशी आले की श्रोते उठत नाहीत. पण मला स्वतःला अखेरची पाने अधिक आवडतात, जेथे द्रव्य मिळविण्यासाठी गेलेला तो मनुष्य द्रव्याऐवजी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, शेकडो कोस चालत घरी येतो आणि त्या पाण्याने आपल्या आईवडिलांना स्नान घालतो.